नळीच्या टोकावरचा डबा : जुन्या चोकविषयी आमच्या ग्राहकांसाठी

जुनी बारा बोर शॉटगन हौसेने विकत घ्यावी, घरी येऊन नीट पाहावी, तर नळीच्या टोकाला दोन्ही बाजूंनी खाचा पाडलेला एक जाडजूड लोखंडी डबा. "हे काय भूत बसलंय?" असा फोन आम्हाला महिन्यातून एकदा तरी येतो. बहुतेक वेळा तो कट्स कॉम्पेन्सेटर असतो, म्हणजे धक्का कमी करणारा आणि चोक बदलू देणारा जोड. हे पत्रक वाचून होईपर्यंत तो काढायला जाऊ नका, एवढीच विनंती.

आधी चोक म्हणजे काय ते : छरे कमी पसरावेत म्हणून नळीच्या तोंडाशी ठेवलेला आवळ. बारा बोरच्या नळीचा आतला व्यास साधारण 0.729 इंच. तोंडाशी तो 0.035 इंचाने आवळला, म्हणजे मिलिमीटरभरही नाही, की झाला फुल चोक. तेवढ्यावर 40 यार्डांवरच्या 30 इंची वर्तुळात शंभरातले सत्तर छरे जातात. आवळ नसेल तर चाळीसच्या आसपास. न्यूकॅसलच्या विल्यम पेप यांनी चोकचं पेटंट 1866 साली घेतलं, आणि अमेरिकेत सिल्व्हेस्टर रोपर यांनी काढता-घालता येणाऱ्या चोकचं 1868 साली.

पण नळीत कोरलेला चोक बदलत नाही. उंचावरच्या बदकाला घट्ट चोक लागतो, स्कीट या नेमबाजीच्या खेळात जवळून जाणाऱ्या मातीच्या चकतीला सैल. बंदूक मात्र घरात एकच. ही अडचण सोडवणारे दोन नामांकित कारखाने इथे अमेरिकेत, आपल्याच कनेक्टिकट राज्यात होते : मिडलफील्डचा लायमन आणि हार्टफर्डचा पॉली-चोक.

कट्स कॉम्पेन्सेटर अमेरिकी मरीन कोअरचे कर्नल रिचर्ड कट्स आणि त्यांच्या मुलाचा. थॉम्पसन सबमशीनगनच्या तोंडावर दिसतो तो याच घराण्यातला. शॉटगनसाठीचा लायमनने बनवला. खाचांतून वायू बाहेर पडतो, त्यामुळे खांद्याला बसणारा धक्का कमी होतो. पुढे हव्या त्या चोकच्या मापाची सुटी ट्यूब पान्याने आवळायची. स्कीटवाल्यांनी तो डोक्यावर घेतला. शेजारी उभ्या असणाऱ्याचे कान मात्र बधिर होतात, हे त्यांनाही मान्य असायचं! पॉली-चोकची गंमत वेगळी : ट्यूब नाहीत, पाना नाही. बाहेरची बाही फिरवली की आतली पोलादी बोटं आवळतात किंवा सैलावतात. दुर्बिणींसाठी माहीत असलेल्या एल पासोच्या वीव्हरनेही चोक काढला होता.

आता मोलाचं बोलू. हा डबा बसवायला मूळ नळी कापावी लागे, म्हणून बंदुकीचे संग्राहक त्याच्या नावाने बोटं मोडतात. विंचेस्टर मॉडेल 12 या जुन्या अमेरिकी शॉटगनवर कुणी घरगुती कापाकापी केली असेल तर किंमत पडते, ते खरंच आहे. पण विंचेस्टरने स्वतःही काही मॉडेल 12 कट्स बसवून विकल्या. अशा बंदुकीवरचा डबा काढून तिला 'मूळ रूपात' आणायला निघालात तर दोन्हीकडून गेलात, कारण कापलेली नळी परत वाढत नाही. शिवाय पक्का न जोडलेला डबा कायद्याच्या मोजमापात धरत नाहीत. उरलेली नळी 18 इंचांपेक्षा कमी भरली तर अमेरिकेच्या 1934 च्या राष्ट्रीय फायरआर्म्स कायद्याचं लचांड मागे लागतं. आधी मोजा.

नुसते चोक जमवणाऱ्यांची जात निराळी. त्यांना बंदूक नको असते. खोका, पाना, माहितीचा कागद आणि सगळ्या ट्यूब एकत्र हव्या असतात. सुटी ट्यूब कुठेही मिळते, खोक्यासकट पूर्ण संच शोधावा लागतो. वीस बोर, अठ्ठावीस आणि .410 या लहान मापांचे तर अधिकच. म्हणून खोका फाटका असला तरी टाकू नका. मूळ निळसर झिलई उडालेली असली तरी पॉलिश करू नका. चकचकीत ट्यूब पाहून संग्राहक पुढच्या टेबलाकडे वळतो.

गेल्या हिवाळ्यात एक पॉली-चोक आमच्याकडे आला, बाहीवर पकडीचे दात उमटलेले. घरच्यांनी जोर लावून पाहिला होता. आम्ही चार दिवस तेलात ठेवला, पाचव्या दिवशी हाताने फिरला. आत गोठलेलं ग्रीस, शिसं आणि वॅडचं (काडतुसातल्या छऱ्यांखालच्या बुचाचं) वितळलेलं प्लास्टिक यांचा काळा लगदा. चोक ठीक होता, दात मात्र कायमचे राहिले.

हे चोक शिशाच्या छऱ्यांच्या काळातले. पोलादी छरे त्यांतून उडवू नका; पॉली-चोकची बोटं तडकू शकतात.

भारतात आईबाबांकडे किंवा मित्राला भेट म्हणून सामानातून नेण्याचा विचार करणाऱ्यांना कळकळीचं सांगणं : नका नेऊ. 1959 च्या शस्त्र कायद्यात शस्त्राच्या भागांनाही शस्त्रच मानतात. 'नुसती नळकांडी आहे हो' हे विमानतळावर ऐकून घेत नाहीत.

सुटा चोक पाहून सांगायचे पैसे आम्ही घेत नाही. बंदूक आणायची असेल तर आधी फोन करा, ती रिकामी असल्याची दोनदा खात्री करा, आणि चोक अडकला असेल तर जसा आहे तसाच, पकड न लावता आणा.