कीवर्ड वेगळा, गिऱ्हाईकाचा प्रश्न वेगळा

"वेबसाइट तर झाली, आता त्यावर लिहायचं काय?" असं कुठल्याही धंदेवाल्याने विचारलं की कुणीतरी ठरलेलं उत्तर देतंच, कीवर्ड रिसर्च करा, ढिगाने आयडिया मिळतील. अहो नाही मिळत. कीवर्ड मिळतात. मग ती एक्सेलची शीट घेऊन मालक एखाद्या पोराला बसवतो, पोरगं पन्नास लेख पाडतं, सहा महिन्यांनी कळतं की लोक येतात, वाचतात, निघून जातात, फोन कुणीच करत नाही. आणि तरी पुढच्या वर्षी परत तीच शीट.

कीवर्ड तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे भरभर सांगतो. लोकांनी गूगलमध्ये काय टाइप केलं आणि महिन्याला साधारण किती वेळा, एवढंच ते. हे आकडे देणारं गूगलचं टूल, कीवर्ड प्लॅनर, मुळात जाहिरात देणाऱ्यांसाठी आहे, जाहिरातीवर खर्च करत नसाल तर तो नीट आकडा न देता '१०० ते १ हजार', '१ हजार ते १० हजार' असे ढोबळ गट दाखवतो. त्यातला 'कॉम्पिटिशन'चा कॉलम जाहिरातदारांमधली चुरस सांगतो, साध्या सर्चमध्ये वर येणं किती अवघड आहे ते नाही, तरी दर वेळी कुणीतरी "लो दाखवतंय, लिहून टाक" म्हणतंच. गूगल ट्रेंड्सच्या आलेखातला १०० म्हणजे शंभर सर्च नाहीत, निवडलेल्या काळातला सगळ्यात वरचा बिंदू म्हणजे १००. झालं, कीवर्डचं एवढं पुरे.

आता खरा घोळ. बहुतेकांना वाटतं की गिऱ्हाईकाचा प्रश्न म्हणजे जरा लांबलचक कीवर्ड, पुढे 'कसा', 'का', 'किती' लावलं आणि शेवटी प्रश्नचिन्ह टाकलं की झाला प्रश्न. तसं नाहीये. फरक शब्दांचा नाहीच, तो विचारणारा माणूस कुठे अडलाय याचा आहे. कीवर्डमागे कोण बसलंय ते तुम्हाला कधीच दिसत नाही. प्रश्नामागे मात्र एक माणूस असतो, त्याचे पैसे अडकलेत किंवा अडकणार आहेत आणि तुमच्या उत्तरावर तो पुढचं पाऊल टाकणार आहे.

हापूसवाल्यांचं बघा. आपल्या बागेतला आंबा पेटीने थेट पुण्या-मुंबईला पाठवणारे आता बरेच झालेत, प्रत्येकाची वेबसाइट आहे, आणि जवळजवळ प्रत्येकीवर तोच लेख, 'हापूस आंबा खाण्याचे १० फायदे'. व्हिटॅमिन ए, व्हिटॅमिन सी, पचन सुधारतं, त्वचा उजळते, फळांचा राजा, कोकणचं सोनं. कारण काय तर शीटमध्ये 'आंब्याचे फायदे' वर होतं. हे टाइप करणारा कोण असू शकतो? निबंध लिहिणारं सातवीचं पोर, डायटवर असलेल्या एखाद्या ताई, रील बनवणारा कुणीतरी. यातल्या कुणाला पेटी घ्यायचीय? शिवाय हे उत्तर द्यायला बाग असावी लागत नाही, झाडावर आंबा न बघितलेला माणूससुद्धा दहा मिनिटांत लिहितो, आणि बहुतेक वेळा त्यानेच लिहिलेलं असतं.

आणि त्याच बागवाल्याच्या फोनवर एप्रिलमध्ये काय येतं?

"दादा, पेटी उघडली, सगळे हिरवेगार आणि दगडासारखे आहेत, परत घेणार का?"

"पाच डझनाच्या पेटीतला आंबा केवढा असतो हो? चार डझनाची महाग का?"

"पेटीत कन्नड पेपर निघाला. हा देवगडचाच आहे ना नक्की?"

"मागच्या वेळी वरून सुरेख होते, कापल्यावर आत पांढरं स्पंजसारखं. ते काय असतं? पैसे मिळतील का?"

"पावडरवाला नाही ना?"

यातला कन्नड पेपरवाला मेसेज कुठल्याच टूलमध्ये सापडणार नाही, तसा तो कुणी टाइप करतच नाही, फोटो काढून थेट पाठवतात. पण पेटी घेणाऱ्या प्रत्येकाच्या मनात तीच शंका असते, कर्नाटकातला आंबा हापूस म्हणून गळ्यात मारत नाहीत ना. टूलमध्ये याच्या आसपासचं काय मिळतं? 'ओरिजिनल हापूस कसा ओळखावा'. दिसायला प्रश्नच, पण त्यावर लिहिलेले लेख बघा, पातळ साल, केशरी गर, घमघमाट, सगळीकडे तेच. पेटी समोर उघडी ठेवून बसलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग? त्याला सांगायचं असतं की बाबा, रद्दी कुठूनही येते, पेपरवरून आंब्याचं गाव ठरत नाही. २०१८ मध्ये हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी, तेव्हा बागवाल्याकडे जीआयचा नोंदणी नंबर माग, बाग कुठल्या गावात आहे आणि तोडणी कधी झाली ते विचार, आणि हे बघ आमचं तिन्ही. असा लेख फक्त बाग असलेला माणूस लिहू शकतो. आणि जो हे मोकळेपणाने लिहितो त्याच्याकडून लोक पेटी घेतात, कारण बाकीच्यांनी 'शंभर टक्के ओरिजिनल' याच्यापुढे एक शब्द लिहिलेला नसतो.

पावडरचंही तसंच. 'नैसर्गिकरीत्या पिकवलेला' हे वाक्य इतक्या साइटवर आहे की त्याला आता काही अर्थच उरला नाहीये. त्यापेक्षा सरळ लिहा की कॅल्शियम कार्बाइडने, म्हणजे त्या पावडरने, फळ पिकवायला अन्नसुरक्षेच्या नियमांत बंदी आहे, इथिलीन गॅसला ठरावीक मर्यादेत परवानगी आहे, या दोन्ही गोष्टी एक नाहीत, आणि आम्ही आढी घालतो, म्हणजे पेंढ्यात पिकवतो, हा आमच्या खोलीतला पेंढा, हा फोटो. साक्याचंही लिहा, म्हणजे ते आतलं पांढरं स्पंजसारखं. साका बाहेरून दिसत नाही, बागवाल्यालाही नाही, झाडावर जास्त तयार झालेल्या फळात तो जास्त निघतो, आणि निघाला तर आमच्याकडे भरपाई अशी अशी. मालक लोक हे लिहायला घाबरतात, म्हणतात आपल्याच मालाची खोड आपणच कशाला सांगायची. अहो गिऱ्हाइकाने ती आधीच कापून बघितलीय.

हिरव्या पेटीचं तर एक पानच हवं. आंबे पेटीतून काढा, पेंढ्यात नाहीतर पेपरवर एका थरात पसरा, एकावर एक रचू नका, कच्चा आंबा फ्रीजमध्ये अजिबात नको, रोज एकदा हात फिरवून बघा, वास सुटला आणि देठाजवळ बोटाने किंचित दबला की कापा, सगळे एकाच दिवशी तयार होणार नाहीत आणि ते चांगलंच आहे, रोज थोडे थोडे मिळतात. एवढंच. हे पान असेल तर सीझनमध्ये लिंक पाठवून मोकळं व्हायचं, रात्री अकराला तोच मेसेज परत परत टाइप करायला नको.

लोक इथे हमखास अडतात, म्हणजे टूलने शून्य दाखवलं की विषय सोडून देतात. पण शून्य म्हणजे कुणालाच प्रश्न नाही असं थोडीच आहे? गूगल स्वतःच सांगत आलंय की रोजच्या सर्चपैकी साधारण १५ टक्के सर्च त्यांनी आधी कधीच पाहिलेले नसतात. त्यात आपली माणसं 'हापूस पेटी' देवनागरीत लिहितात, इंग्रजी अक्षरांत लिहितात, त्यातही स्पेलिंग पाच प्रकारचं, नाहीतर माइक दाबून बोलतात, म्हणजे एकच शंका कुठल्या कुठे विखुरते. आणि मुळात विकत घेणारा माणूस गूगलला विचारत बसत नाही, नंबर दिसला की तुम्हालाच विचारतो. टूलचा शून्य आणि तुमच्या व्हॉट्सॲपवर तीस वेळा आलेला मेसेज यात मी डोळे झाकून मेसेज धरतो.

बाकीचे फरक किरकोळ आहेत, कीवर्ड आखूड प्रश्न लांब, कीवर्ड मोजता येतो प्रश्न मोजता येत नाही, कीवर्डला टूलचे पैसे पडतात प्रश्न फुकट. यावर कुणी अडत नाही.

मग कीवर्ड टाकून द्यायचा का? नाही हो. तो नंतर येतो. आधी प्रश्न घ्या, उत्तर पूर्ण लिहा, आणि मग बघा लोक याला काय म्हणून शोधतात, त्याप्रमाणे शीर्षक ठेवा. तुम्ही साक्याचं इंग्रजी नाव 'स्पंजी टिश्यू' लिहिलंत आणि लोक 'आंबा आतून पांढरा' शोधत असतील तर शीर्षकात लोकांचेच शब्द हवेत, 'साका' पहिल्या ओळीत येऊ द्या. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये आपल्या साइटचा १६ महिन्यांचा डेटा असतो, म्हणजे मागचा सीझनही सापडतो, तिथे आपल्या पानावर लोक काय टाइप करून आले ते दिसतं. ती यादी बाहेरच्या शीटपेक्षा कितीतरी कामाची.

अजून एक डोक्यात जाणारी गोष्ट म्हणजे प्रश्नोत्तरांचं ते पान, जिथे प्रश्नही मालकानेच बनवलेले असतात. 'तुमचे आंबे सर्वोत्तम का आहेत?' असं कुठलं गिऱ्हाईक विचारतं हो? सर्चच्या निकालात साइटच्या नावाखाली ही प्रश्नोत्तरंही दिसायची, जागा जास्त मिळायची, म्हणून ही पानं फुगवायची फॅशन आली होती, ऑगस्ट २०२३ मध्ये गूगलने तो जास्तीचा भाग सरकारी आणि आरोग्याच्या नावाजलेल्या साइट सोडून बाकीच्यांचा जवळजवळ बंदच केला, तरी पानं चालूच. चॅटजीपीटीला "आंब्याच्या वेबसाइटसाठी ५० आयडिया दे" म्हणायचं, हाही त्यातलाच प्रकार, तिथून परत ते दहा फायदेच येतात, फक्त पन्नास होऊन.

प्रश्न कुणाकडे असतात? जो फोन उचलतो त्याच्याकडे. बऱ्याच ठिकाणी ती मालकाची बायको असते नाहीतर पॅकिंगवरचा मुलगा, आणि कंटेंटच्या मीटिंगला या दोघांना कुणी बोलावत नाही. त्यांना बसवा आणि एवढंच विचारा, कुठला प्रश्न आला की तुम्हाला वैताग येतो? तेच पहिलं पान. पाऊस लागला, पार्सलं बंद झाली की फोन रिकामा करायच्या नादात त्या चॅट डिलीट करू नका, आधी एक्सपोर्ट करून ठेवा, दिवाळीनंतर निवांत बसून लिहायला घ्या म्हणजे पहिली पेटी निघायच्या आत पानं तयार असतील.