भिक्षुगीत आणि प्रचीतीचा घोळ

चार लोकांनी छळलं तर मन कुठे टेकवायचं, याला गोव्यातल्या पुराण ऐकणाऱ्यांकडे एक जुनं उत्तर आहे: एकनाथी भागवताचा तेविसावा अध्याय, म्हणजे भिक्षुगीत.

भागवत इथे नाथांच्याही आधीचं. साष्टीतल्या केळशीला 1526 मध्येच दशम स्कंधावरचं ओवीबद्ध कृष्णचरित्र रचायला घेतलं गेलं. नाथांचं भागवत काशीत 1573 ला पुरं झालं. त्याआधीच पोर्तुगीज अमलात तिसवाडी-साष्टीतली देवळं पडू लागली होती आणि 1560 पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालयही बसलं होतं. केळशीची शांतादुर्गा पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर, फोंड्यातल्या कवळ्याला आली. पोथी मात्र फडक्यात गुंडाळून काखोटीला मारता येते.

भिक्षुगीतातला अवंतीचा कंजूष ब्राह्मण पैसा गेल्यावर संन्यास घेतो. लोक त्याचा दंड आणि कमंडलू ओढून घेतात, डोक्यावर थुंकतात, नदीकाठी जेवायला बसला की अन्नात मुततात. तो म्हणतो, माझ्या दुःखाला लोक कारण नाहीत. देव, आत्मा, ग्रह, कर्म, काळ हेही नाहीत. कारण फक्त मन.

इथे घोळ होतो तो ‘प्रचीती’ या शब्दाचा. शास्त्रप्रचीती, गुरुप्रचीती, आत्मप्रचीती अशी तीन नावं आपण सहज घेतो. पोथीतली आत्मप्रचीती म्हणजे ‘ज्याला थुंकले तो मी नव्हे’ हे स्वतःला उमगणं. अठराव्या शतकात पेडणे-बांद्याच्या पट्ट्यातल्या एका नाथपंथी कवीने ‘महदनुभवेश्वरी’ लिहिली. तिच्या नावातला ‘अनुभव’ही याच जातीचा. गावात मात्र ‘देवाची प्रचीती आली’ म्हणजे नवस फळला, कौल उजवा मिळाला, छळणाऱ्याला अद्दल घडली. मग भिक्षुगीत ऐकून उठणारी आजी सुस्कारा टाकते, ‘देव पळयतलो.’ देव बघून घेईल! अध्यायात नेमकं हेच नाही. तो भिक्षू कुणालाच शाप देत नाही, देवाकडे तक्रारही करत नाही. पण आजीला मिळालेला धीर खोटा, असंही मला म्हणवत नाही.

हा घोळ पुढे वाढला, कारण विरोधक बदलले. पोर्तुगीज सरकारच्या 1886 च्या नियमावलीने देवळांच्या महाजनांच्या, म्हणजे देवळावर वंशपरंपरेने हक्क असलेल्या घराण्यांच्या याद्या कायद्याने बांधल्या, आणि मानपान, पालखी, पहिला प्रसाद यांची भांडणं कोर्टात जाऊ लागली. पोर्तुगालात 1910 ला प्रजासत्ताक आल्यावर पुराण-कीर्तनं उजळ माथ्याने होऊ लागली. तोवर पाद्री लांब गेला होता आणि भाऊबंद समोर बसला होता. खटला हरलेल्याला भिक्षुगीत हवंसं वाटतं, जिंकलेल्यालाही वाटतं. दोघं एकाच सभामंडपात, खांबाच्या दोन बाजूंना.

अंत्रुजातल्या, म्हणजे फोंड्याकडच्या एका देवळात मी हा अध्याय दोनदा ऐकला. समईची वात सारून पुराणिकबुवा सहाही नावं घेत होते. लोक, देव, आत्मा यांवर ते रंगले. ‘ग्रह’ आले तेव्हा मात्र पान चटकन उलटलं. शेजारच्या पाटावर त्यांचं पंचांग होतं, आणि पुराणानंतर पत्रिका दाखवायला चारपाच जण थांबले होते.