शेनिए, क्लिफ्टन

(२५ जून १९२५ – १२ डिसेंबर १९८७). झायडेको, म्हणजे अमेरिकेतील लुईझियानाच्या कृष्णवर्णीय क्रिओल लोकांचे नाचाचे संगीत, याचा श्रेष्ठ अकॉर्डियनवादक व गायक. ‘झायडेकोचा राजा’ म्हणून तो ओळखला जाई आणि मंचावर खरोखरच मुकुट घालून बसे. जन्म लुईझियाना राज्यातील ऑपेलूसस परिसरात, फ्रेंच बोलणाऱ्या कृष्णवर्णीय क्रिओल शेतकरी कुटुंबात. वडील जोसेफ गावच्या नाचांत अकॉर्डियन वाजवत. शेनिएने तरुणपणी उसाच्या शेतांत राबून, पुढे टेक्सासमधील पोर्ट आर्थर येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात काम करत वादन चालू ठेवले.

या भागातील क्रिओल लोक शनिवारी कोणाच्या तरी घरी जमून नाचत. त्या नाचाला आणि त्याच्या संगीताला ‘ला-ला’ म्हणत. अकॉर्डियन, फिडल आणि तालासाठी धुणी घासण्याचा पन्हळी पत्रा एवढाच वाद्यमेळ असे. या परंपरेचा मोठा वादक आमेदे आर्द्वां (१८९८–१९४२) याच्या १९२९ पासूनच्या ध्वनिमुद्रणांवर क्रिओल आणि केजन (लुईझियानातील फ्रेंच वंशाच्या गोऱ्या लोकांचा) असे दोन्ही संगीतप्रवाह पोसले.

आर्द्वांचे अकॉर्डियन बटणांचे होते. त्यात भाता दाबताना एक स्वर निघतो, ओढताना दुसरा. शिवाय मोजकेच स्वर मिळतात. शेनिएने पियानोसारख्या पट्ट्यांचे अकॉर्डियन घेतले. आपल्या पेटीप्रमाणे त्यात सगळे कोमल-तीव्र स्वर हाताशी असतात, त्यामुळे ब्लूजचे (अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या गायनपरंपरेचे) उतरलेले स्वर त्याला कोणत्याही पट्टीत वाजवता आले. झायडेकोला आजचे रूप आले ते मुख्यतः या निवडीतून. सॅक्सोफोन, इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम जोडून त्याने ला-लाला ऱ्हिदम अँड ब्लूज या ब्लूजमधून आलेल्या शहरी नाचाच्या संगीताच्या जोडीला बसवले. फ्रेंच मात्र सोडली नाही. थोरला भाऊ क्लीव्हलंड पत्रा वाजवी. हा पत्रा खांद्यांवरून छातीवर अडकवण्याजोगा बनवण्याची कल्पना शेनिएचीच. क्लीव्हलंड त्यावर बाटल्या उघडण्याच्या चाव्या घासे.

पहिले ध्वनिमुद्रण १९५४ चे. पुढच्याच वर्षी स्पेशॅल्टी कंपनीची तबकडी गाजली, पण नंतर मागणी ओसरली. १९६४ मध्ये आर्हूली कंपनीचे क्रिस स्ट्राखविट्झ यांनी त्याला ह्यूस्टनमध्ये ऐकले. ब्लूज गायक लाइटनिन हॉपकिन्सने त्यांना तिथे नेले होते. स्ट्राखविट्झ यांना जुनी फ्रेंच गाणी हवी होती, शेनिएला नवी शहरी. अखेर १९६५ च्या तबकडीत दोन्ही आली. ही तडजोड संगीताच्या भल्याचीच ठरली, कारण शेनिएचे सामर्थ्य त्या मिश्रणातच होते. ‘बोगालूसा बूगी’ (१९७६) हा संग्रह त्याचा सर्वोत्तम मानला जातो आणि ते योग्यच आहे: वाद्यवृंद तिथे नाचाच्या रात्री रंगावा तसा रंगला आहे.

१९८४ मध्ये त्याला ग्रॅमी पुरस्कार आणि राष्ट्रीय वारसा फेलोशिप मिळाली. तोवर मधुमेहाने मूत्रपिंडे निकामी झाली होती, पायाचा काही भागही कापावा लागला होता. तरी डायलिसिस सांभाळून तो कार्यक्रम करत राहिला. लाफायेट येथे त्याचे निधन झाले. त्याच्या वाद्यवृंदात ऑर्गन वाजवणारे स्टॅन्ली ड्यूराल पुढे ‘बकव्हीट झायडेको’ या नावाने स्वतः अकॉर्डियनवादक म्हणून प्रसिद्ध झाले, तर मुलगा सी. जे. शेनिए याने वडिलांचा ‘रेड हॉट लुईझियाना बँड’ पुढे चालवला.