गिधाडाला सगळंच पचतं?

‘गिधाडाला काय, सडकंकुजकं सगळं पचतं,’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. त्यामुळे गिधाडं दिसेनाशी झाली तेव्हा कुणी मोबाइल टॉवरला दोष दिला, कुणी डीडीटीला.

पचनाची गोष्ट अर्धीच खरी आहे. त्यांच्या जठरातलं आम्ल इतकं तीव्र असतं की घातक जंतूही बहुतेक मरतात. पण जंतू वेगळा आणि औषध वेगळं. गुरांची सूज-वेदना कमी करायला टोचलं जाणारं डायक्लोफिनॅक जनावर लगेच मेलं तर मांसात उरतं, आणि गिधाडाच्या जठरातलं आम्ल त्याचं काहीच बिघडवू शकत नाही. पक्षी शरीरातला नायट्रोजनचा कचरा युरिक आम्लाच्या रूपात टाकतात. या औषधाने मूत्रपिंडं निकामी झाली की ते आम्ल रक्तात साचतं, काळजा-यकृतावर खडूसारखा पांढरा थर धरतो आणि पक्षी काही दिवसांत मरतो. पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांच्या तपासणीतून हे 2004 साली उघड झालं.

शंभरातलं एखादंच मढं विषारी असलं तरी घात होतो, कारण एका मढ्यावर अख्खा थवा उतरतो. भारतात पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं 1992 ते 2007 या काळात 99 टक्क्यांहून जास्त घटली.

2006 मध्ये गुरांसाठी या औषधावर बंदी आली. मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोहोचू लागल्या (पळवाट शोधण्यात आपला हात कोण धरणार!), म्हणून 2015 मध्ये बाटलीचा आकार 3 मिलिलिटरवर आणला. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना न बाधणारा पर्याय आहे. गुरांच्या डॉक्टरांकडे तेच मागा.