फोटो गॅलरी, स्वतःच्या सर्व्हरवरील

स्वतःच्या ताब्यातील लिनक्स वेब सर्व्हरवर बसवून फोटो साठवणे, त्यांचे अल्बम लावणे आणि निवडक लोकांना किंवा सर्वांना ते दाखवणे यांसाठीचे सॉफ्टवेअर. सर्व्हर भाड्याचा असो वा घरातला जुना संगणक, मूळ फाइली आणि त्यांच्या नोंदी चालवणाऱ्याच्या हाती राहतात, हे याचे मुख्य लक्षण. पिविगो, लिची, फोटोप्रिझम आणि इमिच ही प्रचलित उदाहरणे होत. पिक्सेलफेड थोडे वेगळे आहे. ते ॲक्टिव्हिटीपब या २०१८ मध्ये प्रमाणित झालेल्या नियमावलीनुसार इतर सर्व्हरांशी जोडले जाते.

उगमाबद्दल दोन मते आढळतात. एका मतानुसार हा प्रकार म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या फोटोसेवांवरील प्रतिक्रिया. गूगल फोटोज २०१५ मध्ये सुरू झाले, त्यातील अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली आणि इमिच २०२२ च्या सुमारास पुढे आले. हा क्रम पाहता ते मत पटण्याजोगे वाटते. तथापि फ्लिकर सुरू झाले २००४ मध्ये. त्याआधीच, साधारण २००० च्या आगेमागे, भारत मेदिरट्टा यांचा ‘गॅलरी’ प्रकल्प आणि २००२ मध्ये पियरिक ल गाल यांचे ‘पीएचपीवेबगॅलरी’ वापरात आले होते. त्यामुळे उगम प्रतिक्रियेत न शोधता भाड्याच्या होस्टिंगवर पीएचपी ही वेबपाने बनवणारी प्रोग्रॅमिंग भाषा सहज मिळू लागली त्या काळात धरणे अधिक सयुक्तिक ठरते. ‘गॅलरी’ची पहिली आवृत्ती नोंदी साध्या फाइलींत ठेवी. डेटाबेस आला तो २००५ च्या दुसऱ्या आवृत्तीत. डेटाबेस ही आजच्या स्थापनेची खूण मानली, तर २००९ मध्ये पिविगो असे नाव घेतलेले पीएचपीवेबगॅलरी आजच्या रूपाला अधिक जवळचे आहे.

स्थापनेची वाट ठरलेली आहे. अपाची किंवा एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, पीएचपी आणि मारियाडीबी हे डेटाबेसचे सॉफ्टवेअर हे सर्व उभे करायचे, रिकामा डेटाबेस आणि त्याचा स्वतंत्र वापरकर्ता तयार करायचा, फाइली उलगडायच्या आणि ब्राउझरमधून स्थापनेच्या प्रश्नांची उत्तरे द्यायची. इमिचसारखी नवी सॉफ्टवेअरे डॉकरमधून, म्हणजे लागणारे सर्व भाग एकत्र बांधलेल्या तयार गठ्ठ्यांतून, बसवतात. मग ते भाग वेगवेगळे बसवावे लागत नाहीत.

लॉगिनचे पान दिसले की काम झाले असे मानले जाते. खऱ्या अडचणी पहिला फोटो चढवताना येतात. डेबियन आणि उबुंटूवर वेब सर्व्हर ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ या वापरकर्त्याच्या नावाने चालतो. अपलोडचे फोल्डर दुसऱ्याच्या मालकीचे असेल, तर त्यात काही लिहिले जात नाही. अशा वेळी सगळ्यांना सगळे खुले करणारी ७७७ परवानगी देण्याची चाल आहे, ती टाळावी. फोल्डरची मालकी बदलणे आणि त्या फोल्डरमधून पीएचपी चालणार नाही अशी तजवीज करणे, हा योग्य मार्ग. त्यानंतर मर्यादा. पीएचपी मुळात एका फाइलला २ एमबी आणि एका वेळच्या संपूर्ण मजकुराला ८ एमबी एवढीच मुभा देते. एनजिनएक्स तर १ एमबीच्या वर गेले की ४१३ क्रमांकाची त्रुटी दाखवून दार लावून घेतो. दोन्ही ठिकाणी आकडे वाढवावे लागतात. स्मृतीचा (रॅमचा) हिशेब याहून फसवा आहे. ६००० गुणिले ४००० बिंदूंचा (पिक्सेलचा) फोटो डिस्कवर ८ एमबीचा असला, तरी लहान प्रत काढण्यासाठी उलगडल्यावर प्रतिबिंदू ४ बाइटने ९६ एमबी होतो. पीएचपीची मूळ मर्यादा १२८ एमबी असल्याने तो फिरवताना दुसरी प्रत बनली की काम मध्येच तुटते आणि अल्बममध्ये रिकामी चौकट उरते.

मराठी वापरकर्त्यांच्या दृष्टीने फाइलीच्या नावांचा प्रश्न महत्त्वाचा आहे. अक्षरे साठवण्याच्या युटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. मात्रा, वेलांटी आणि हलन्त वेगळे मोजले जातात. ‘कृष्णामाई’ हा एक शब्द ९ चिन्हांचा, म्हणजे २७ बाइटचा होतो. लिनक्सच्या एक्स्ट-४ फाइलव्यवस्थेत नावाची मर्यादा २५५ बाइट असल्यामुळे देवनागरी नाव ८५ चिन्हांच्या पुढे जाऊ शकत नाही. तासगावच्या रथोत्सवाच्या फोटोला तिथी, गाव आणि मंडळासह दिलेले लांब नाव या मर्यादेला सहज टेकते. सर्व्हरची भाषा-मांडणी (लोकॅल) ‘सी’ अशी राहिली असेल, तर बाहेरच्या आज्ञेसाठी नाव सुरक्षित करणारे पीएचपीचे फंक्शन देवनागरी अक्षरे गाळून टाकते. मग लहान प्रती काढणाऱ्या इमेजमॅजिक या प्रोग्रॅमला ती फाइल सापडत नाही. भाषा-मांडणी युटीएफ-८ केल्यास हा दोष जातो. डेटाबेससाठी मात्र युटीएफ-८-एमबी-४ हीच वर्णमांडणी निवडावी. मायएसक्यूएल या मारियाडीबीच्याच घराण्यातील डेटाबेसच्या जुन्या ३ बाइटी मांडणीत देवनागरी मावते, पण शीर्षकात एखादा इमोजी आला की नोंद अडते.

तारखांचे भान हवे. स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंत टिपल्याची तारीख नसते, म्हणून बहुतेक सॉफ्टवेअरे फाइलीची तारीख घेतात आणि साठ वर्षांपूर्वीच्या नाटकाचा फोटो स्कॅन केल्याच्या दिवसाखाली जाऊन बसतो. फोटोतील नोंदी बदलणाऱ्या एक्झिफटूल या साधनाने अंदाजे वर्ष आधीच भरून ठेवणे श्रेयस्कर. मोबाइलच्या फोटोंत याउलट अतिरिक्त माहिती येते. कास पठारावरच्या दुर्मिळ आमरीच्या (ऑर्किडच्या) फोटोत नेमके अक्षांश-रेखांश असू शकतात. लहान प्रतींमधून ते गळाले, तरी मूळ फाइल उतरवून घेण्याची मुभा ठेवल्यास ते बाहेर जातात.

सांगलीसारख्या कृष्णाकाठच्या शहराच्या संदर्भात साठवणीचे स्थान हा दुय्यम तपशील नाही. कृष्णाकाठाने २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये महापूर पाहिले. छापील फोटोंवरचा जिलेटिनचा थर पाण्यात फुगतो आणि वाळताना अल्बमची पाने एकमेकांना चिकटतात. डिजिटल प्रतीचे महत्त्व इथे येते. मात्र नदीलगतच्या पेठेत तळमजल्यावर ठेवलेला सर्व्हर आणि त्याच कपाटातली बॅकअपची डिस्क यांचे भवितव्य अल्बमहून वेगळे नसते. म्हणून स्थापनेच्या वेळीच मूळ फाइलींचे फोल्डर लहान प्रतींपासून वेगळे ठेवावे. लहान प्रती केव्हाही पुन्हा बनवता येतात. मूळ फाइली आणि डेटाबेसची उतरवलेली प्रत यांना पर्याय नाही. डेटाबेस गेला, तर फोटो हाती राहतात, पण त्यात कोण आहे हे सांगणाऱ्या ओळी जातात. मूळ फाइली आणि डेटाबेस या दोहोंची, आरसिंक या फाइली नकलणाऱ्या साधनाने घेतलेली एक प्रत जत किंवा आटपाडीकडे, कृष्णेच्या पुरापासून दूर, नातेवाइकाकडे ठेवणे शक्य असते.

घरच्या सर्व्हरला आणखी एक अडथळा असतो. अनेक घरगुती जोडण्यांत एकच सार्वजनिक इंटरनेट पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटलेला असतो. राउटरला १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला पत्ता मिळाला, तर बाहेरून थेट पोचता येत नाही. मग स्थिर पत्ता विकत घ्यावा लागतो किंवा भाड्याच्या लहान सर्व्हरपर्यंत वायरगार्ड या सॉफ्टवेअरचा बोगदा, म्हणजे खासगी जोडमार्ग, काढावा लागतो. संकेतस्थळाची जोडणी सुरक्षित करणारे लेट्स एन्क्रिप्टचे अल्प मुदतीचे मोफत प्रमाणपत्रही अशा जोडणीवर नेहमीच्या ८० क्रमांकाच्या पोर्टमार्गे मिळत नाही. डोमेनच्या डीएनएस नोंदीत खूण ठेवून ते घेता येते, आणि नूतनीकरण आपोआप होण्यासाठी त्या नोंदी बदलण्याचा अधिकार सर्टबॉट या प्रमाणपत्र घेणाऱ्या प्रोग्रॅमला द्यावा लागतो.