पहिल्यांदा ऐकलेलं गाणं आवडत का नाही?

सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवात गायक तान घेऊन समेकडे, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेकडे, निघाला, की मंडपातल्या शेकडो माना एकाच क्षणी हलतात. कुणी कुणाला खूण केलेली नसते. सम कुठे येणार याचा अंदाज प्रत्येकाच्या मेंदूने आधीच बांधलेला असतो. गायकाने शेवटच्या मात्रेपर्यंत हुलकावणी देऊन तो अंदाज खरा केला, की आपसूक ‘वाऽ’ निघतं. १९५३ पासून हा महोत्सव चालू आहे आणि पुण्यात असे तयार कान पिढ्यान्‌पिढ्या घडत आले आहेत.

याच शहरात कोथरूड, बाणेर, येरवड्याच्या खोल्यांमधून तरुण मुलंमुली लॅपटॉप, एखादा माइक आणि हेडफोन एवढ्यावर स्वतःचं संगीत तयार करत असतात. त्याची लिंक कुणी पाठवली, की तेच तयार कान अर्ध्या मिनिटात ती बंद करतात. ‘काही कळलं नाही बुवा.’ हा शेरा बहुतेक वेळा त्या संगीताबद्दल फार थोडं सांगतो, असं माझं ठाम मत आहे. त्यामागे जे विज्ञान आहे, ते नव्या कलाकारांइतकंच ऐकणाऱ्यांनाही उपयोगी आहे.

कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये मॅकगिल विद्यापीठात रॉबर्ट झटोरे आणि वलोरी सलीमपूर यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवलं, की आवडत्या संगीतातला उत्कट क्षण येण्याआधीच, त्याची चाहूल लागताच, मेंदूत डोपामीन हे सुखाशी जोडलेलं रसायन स्रवू लागतं. म्हणजे आनंदाचा मोठा भाग वाट पाहण्यात असतो. पण वाट पाहायला पुढे काय येणार हे थोडंफार ठाऊक हवं. मग कधीच न ऐकलेल्या संगीताचं काय? २०१३ मध्ये त्यांनी तेच तपासलं. १९ जणांना स्कॅनरमध्ये झोपवून प्रत्येकी तीस सेकंदांचे ६० अनोळखी तुकडे ऐकवले आणि प्रत्येक तुकड्यासाठी स्वतःच्या खिशातून किती पैसे द्याल, असं विचारलं. ज्या तुकड्यासाठी बोली जास्त, त्या वेळी मेंदूतलं बक्षिसाचं केंद्र जास्त जागं होतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, त्या केंद्राचा श्रवण सांभाळणाऱ्या भागाशी संवादही वाढलेला होता. आजवर ऐकलेल्या सगळ्या सुरांचे, लयींचे आराखडे याच भागात साठलेले असतात, असं हे संशोधक मानतात. नवं गाणं आपण रिकाम्या पाटीने ऐकतच नाही. जुन्या साठ्यात त्याला कुठेतरी धागा सापडला, तर ते गोड लागतं.

जर्मनीत लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये याला आणखी बारीक रूप दिलं. ७४५ लोकप्रिय पॉप गाण्यांमधल्या ८०,००० कॉर्ड्सचं, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरगुच्छांचं, त्यांनी संगणकावर विश्लेषण केलं, पुढचा कॉर्ड किती अनपेक्षित आहे हे मोजलं, आणि शब्द व चाल काढून नुसते कॉर्ड्स लोकांना ऐकवले. आनंद दोन प्रकारे मिळत होता. पुढे काय येणार याची खात्री असताना भलतंच काही आलं तर, किंवा नक्की अंदाज येत नसताना फारसं अनपेक्षित नसलेलं काही हाती लागलं तर. प्रायोगिक संगीत आपल्याला या दुसऱ्या परिस्थितीत नेऊन सोडतं. हाती काय लागलं हे ओळखायला मात्र कानाला थोडा वेळ द्यावा लागतो.

पेठेतल्या एका छोट्या हॉलमध्ये ऐकलेला एक प्रयोग इथे सांगावासा वाटतो. मंचावर एक मुलगी, एक लॅपटॉप आणि तंबोरा. तिने जोडाच्या, म्हणजे एकाच स्वरात लावलेल्या मधल्या दोन, तारांचा आवाज मुद्रित करून त्याचं चक्र फिरत ठेवलं आणि त्यावर दुसरा, जवळजवळ तोच स्वर सोडला. मग तो दुसरा स्वर केसभर वर, केसभर खाली. ताल नाही, बंदिश नाही, शब्द नाहीत. सुरुवातीला खुर्च्या करकरल्या, दोघं-तिघं उठूनही गेले. माझ्या शेजारचे आजोबा मात्र पुढे झुकले आणि हळूच म्हणाले, “अहो, ही तर तंबोरा जुळवतेय!”

त्यांनी नेमकं ओळखलं होतं. एक तार सेकंदाला २२० वेळा आणि दुसरी २२२ वेळा कंप पावत असेल, तर त्यांच्या लहरी सेकंदातून दोनदा एकमेकींना बळ देतात आणि दोनदा एकमेकींना मारतात. कानाला आवाज दोनदा फुगल्यासारखा वाटतो. तंबोरा लावणारे याच आंदोलनांवर कान ठेवतात. तार जसजशी जुळत येते, तसतशी ती मंदावतात आणि शेवटी थांबतात. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर तारेखाली सरकवलेला जिव्हाळीचा दोरा स्वरातले वरचे अंश उजळवतो, म्हणून तंबोऱ्यातून न छेडलेले स्वरही ऐकू येतात. त्या मुलीने गाण्याआधीची ही पाच मिनिटांची क्रियाच वीस मिनिटांचं संगीत केली होती. एखादाच स्वर लांबवत नेणाऱ्या ज्या संगीताला जगभर ड्रोन संगीत म्हणतात, त्याची पूर्वतयारी मराठी घरात तंबोरा ऐकून झालेलीच असते. म्हणून नवीन काही शोधायचं तर आपल्या साठ्याच्या काठावरून सुरुवात करावी. ढोलताशात वाढलेल्या कानाने तालप्रधान इलेक्ट्रॉनिककडे जावं, भजनात मुरलेल्याने एकाच ओळीभोवती फिरणाऱ्या संगीताकडे.

दुसरी गोष्ट पुनरावृत्तीची. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवून दिलं, की निरर्थक शब्द किंवा अनोळखी चेहरेसुद्धा केवळ वारंवार समोर आले तर जास्त आवडू लागतात. संगीतालाही हे लागू पडतं, पण एका मर्यादेपर्यंत. डॅनियल बर्लाइन यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार फार सोपं कंटाळवाणं होतं, फार गुंतागुंतीचं नकोसं होतं आणि गोडी मधे कुठेतरी असते. ऐकत गेलं की गुंतागुंतीचं हळूहळू त्या मध्याकडे सरकतं. सोपं गाणं चार वेळा ऐकून विटतं, तर अवघड गाणं चौथ्या वेळी कुठे उघडू लागतं. मी स्वतः नवा अल्बम एकाच बैठकीत परत परत लावत नाही, दिवस मधे जाऊ देते. फरक स्पष्ट जाणवतो.

आता प्रश्न असा, की ते गाणं आपल्यापर्यंत पोहोचावं कसं? ‘चांगलं असेल तर आपोआप चालेल’ हे वाक्य मला फार अन्यायकारक वाटतं, आणि ते खोटं असल्याचा उत्तम पुरावा उपलब्ध आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी एक संकेतस्थळ उभारलं आणि त्यावर अप्रसिद्ध बँड्सची ४८ गाणी ठेवली. १४,००० हून जास्त लोकांनी ती ऐकली. काहींना नुसती गाणी दिसत होती. बाकीच्यांची आठ वेगवेगळ्या जगांत विभागणी केली होती आणि तिथे आधीच्या लोकांनी कुठलं गाणं किती वेळा डाउनलोड केलं तो आकडाही दिसत होता. आठही जगं शून्यापासून सुरू झाली; गाणी तीच, माणसं सारख्याच प्रकारची. तरीही वेगवेगळ्या जगांत वेगवेगळी गाणी वर गेली. नुसत्या गुणवत्तेवर २६ वं ठरलेलं एक गाणं एका जगात पहिलं आलं आणि दुसऱ्या जगात ४० वं. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी वाईट सहसा वर आली नाहीत. पण मधल्या सगळ्यांचं नशीब सुरुवातीच्या थोड्या श्रोत्यांनी ठरवलं. हा निष्कर्ष २००६ मध्ये ‘सायन्स’ या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झाला. उमेदीच्या कलाकाराचे पहिले वीस-पंचवीस श्रोते किती मोलाचे, हे त्यातून कळतं.

ॲपमधल्या शिफारशींची मोठी भिस्त अशाच आकड्यांवर असते. तुमच्यासारखी आवड असलेल्यांनी काय ऐकलं हे पाहून तुम्हाला गाणं सुचवलं जातं. ज्या गाण्याला अजून कुणी ऐकलंच नाही, त्याच्याबद्दल त्या गणिताकडे बोलायला काही नसतं. यावर उपाय म्हणून गाण्याचा ध्वनीच तपासला जातो: आवाजातल्या कंप्रता, म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं, कालानुसार कशा बदलतात त्याचं चित्र करून न्यूरल नेटवर्कला, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकप्रणालीला, शिकवलं जातं. यामुळे मदत होते, पण असं यंत्र मुळात ओळखीच्या आवाजासारखे आवाज शोधतं. कुणासारखंच नसलेलं संगीत तिथेही मागे पडतं. त्यामुळे ॲपच्या यादीबाहेर मुद्दाम जायला हवं.

पुण्यात त्यासाठी लांब जावं लागत नाही. स्वतंत्र संगीताला मोठा मंच देणारा एनएच७ वीकेंडर हा महोत्सव २०१० मध्ये इथेच सुरू झाला. ईझी वाँडरलिंग्ज हा बँड इथला. ताडीवाला रोडचा रॅपर एम सी स्टॅन २०२३ मध्ये टीव्हीवरचा ‘बिग बॉस’ जिंकण्याच्या कितीतरी आधी यूट्यूबवर गाजत होता. कॉलेजांच्या स्पर्धांमधली वाद्यवृंदाची मुलं, छोट्या कॅफेंमधल्या शनिवारच्या बैठकी, प्रायोगिक नाटकांना पार्श्वसंगीत देणारे, यांच्यावर लक्ष ठेवावं. नाटकाच्या श्रेयनामावलीत संगीतकाराचं नाव वाचून त्याचं स्वतःचं काम शोधणं, ही मला सापडलेली सगळ्यात फलदायी वाट आहे.

आणि शक्य तेव्हा समोर बसून ऐकावं. फोनच्या इवल्याशा स्पीकरला खालच्या कंप्रता झेपतच नाहीत, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक संगीताचा अर्धा देह तिथेच गळून पडतो. कॅनडातल्याच मॅकमास्टर विद्यापीठाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, एका मैफलीत ८ ते ३७ हर्ट्झचे (सेकंदाला ८ ते ३७ कंपनांचे) अतिमंद्र ध्वनी देणारे स्पीकर दर अडीच मिनिटांनी चालू-बंद केले. श्रोत्यांना त्यातलं काही जाणवलं नाही. तरी स्पीकर चालू असताना लोकांची हालचाल सुमारे १२ टक्क्यांनी वाढली.

पैशांचंही बोलायला हवं. स्पॉटिफायवर २०२४ पासून, मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० वेळा वाजलेल्या गाण्यालाच ध्वनिमुद्रणाचं मानधन मिळू शकतं. पन्नास जणांनी वर्षभरात वीस-वीस वेळा ऐकलं तर तो आकडा गाठला जातो, आणि तेवढं ऐकूनही हाती येणारी रक्कम अगदी किरकोळ असते. त्यापेक्षा बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या संकेतस्थळावर किंवा कार्यक्रम संपल्यावर कलाकाराकडूनच अल्बम विकत घेतला, तर त्यातला बराच मोठा वाटा थेट त्याच्यापर्यंत जातो. टेबलाशी थांबलातच तर त्याला एवढं विचारा, की तो स्वतः सध्या पुण्यातलं कुणाचं संगीत ऐकतोय.