ऑपरेटिंग सिस्टिम आणि लॅपटॉपची बॅटरी

लॅपटॉप तोच, बॅटरी तीच, तरी विंडोज, लिनक्स किंवा मॅकओएस यांपैकी काय चालू आहे यावर चार्जिंग किती वेळ पुरणार हे बदलते. ५० वॉट-तासांची बॅटरी सरासरी ५ वॉट खर्चाला १० तास पुरते. खर्च ८ वॉटवर गेला की सव्वासहा तासांत आटोपते. हे वरचे तीन वॉट बऱ्याचदा लॅपटॉप नुसता उघडा असतानाच जातात.

आपण पडद्यावर काही वाचत असतो तेव्हा प्रोसेसरला फारसे काम नसते. अशा वेळी तो टप्प्याटप्प्याने गाढ झोपेत जाऊ शकतो. या टप्प्यांना सी-स्टेट म्हणतात. त्याला झोपू द्यायचे की नाही, हे बरेचसे ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती. जुने लिनक्स कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, काम असो वा नसो, सेकंदाला २५० किंवा १००० वेळा त्याला उठवत असे. २००७ साली २.६.२१ आवृत्तीपासून रिकाम्या वेळचा हा ठोका बंद करण्याची सोय आली. त्याच वर्षी इंटेलचे पॉवरटॉप हे साधन आले आणि कोणता प्रोग्राम प्रोसेसरला विनाकारण उठवतो ते यादीनिशी दिसू लागले. विंडोजमध्ये ठोका साधारण १५.६ मिलिसेकंदांचा, पण एखादा ब्राउझर तो १ मिलिसेकंदावर आणू शकत असे. मॅकओएसच्या मॅव्हरिक्स आवृत्तीने (ओएस टेन, २०१३) जवळजवळचे टायमर, म्हणजे प्रोसेसरला उठवणारे गजर, एकत्र उरकायला सुरुवात केली.

तरीही खरा फरक बहुधा ड्रायव्हरमध्ये (एकेक उपकरण चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) आणि मूळ सेटिंगमध्ये असतो. याचे बोलके उदाहरण २०११ मधले. लिनक्स २.६.३८ नंतर अनेक लॅपटॉपची बॅटरी लवकर उतरू लागली. आतल्या भागांना जोडणाऱ्या पीसीआय एक्स्प्रेस जोडण्यांची वीज वाचवणारी एएसपीएम सोय आपल्याकडे नाही, असे त्या लॅपटॉपचे बायोस (लॅपटॉप सुरू करणारा मूळ प्रोग्राम) सांगे, प्रत्यक्षात मात्र स्वतःच ती चालू करून ठेवी. विंडोज अशा वेळी तिला हात लावत नसे; लिनक्सने बायोसवर विश्वास ठेवून ती बंद केली. दुरुस्ती २०१२ च्या ३.३ मध्ये आली.

उलट बाजूही आहे. दोन ग्राफिक्स चिप असलेल्या इंटेल मॅकबुक प्रोवर मॅकओएस गरजेनुसार चिप बदलत असे. बूट कॅम्प या मॅकवर विंडोज बसवण्याच्या सोयीतून विंडोज लावले की सहसा वीज खाणारी मोठी चिपच सतत चालू राही. यात विंडोजला दोष देणे फारसे न्याय्य नाही, कारण बूट कॅम्पही अॅपलचेच.

व्हिडिओचेही तसेच. डिकोडिंग, म्हणजे व्हिडिओ उलगडण्याचे काम, ग्राफिक्स चिपकडे न जाता प्रोसेसरवर पडले तर पंखा फिरू लागतो. लिनक्सवरील फायरफॉक्सने इंटेल ग्राफिक्ससाठी चिपकडून डिकोडिंगची सोय २०२३ च्या ११५ आवृत्तीत आपोआप चालू केली. विंडोजवर ती कितीतरी आधीपासून होती.

तुलना करताना पडद्याचा उजेड दोन्हीकडे सारखा ठेवावा. अनेक लॅपटॉपमध्ये हलक्या कामाच्या वेळी सर्वाधिक वीज पडदाच खातो.